पंचमीच्या झोक्याखालची सतरंजी

बसा. चपला तेवढ्या बाहेर काढा, बाकी मांडी घाला नाहीतर पाय पसरा, माझी काही तक्रार नाही. मी सतरंजी आहे, नांदेडातल्या एका लॉ कॉलेजची. अंगावर निळे-पांढरे पट्टे होते. निळे अजून आहेत. पांढऱ्यांवर आजवर इतका चहा सांडलाय की त्यांना पांढरं म्हटलं तर ती खोटी साक्ष होईल.

माझा जन्म तुरुंगातला. दचकू नका, मी काही केलेलं नव्हतं. तुरुंगात कैदी सतरंज्या विणतात, आणि त्या घट्ट असतात, कारण विणणाऱ्याला कुठं जायची घाई नसते. मला विणणारा अबोल माणूस होता. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून नको ते घडलं होतं. मागावरून उतरवली तेव्हा त्यानं मला पाठीवर थोपटतात तसं थोपटलं आणि म्हणाला, चांगल्या लोकांत जाऊन पड. मी नेमकी वकील होणाऱ्या पोरांत येऊन पडले. ती माझ्यावर लोळत शिक्षेची कलमं घोकायची, आणि मला वाटायचं, बाळांनो, ही कलमं आतून कशी दिसतात ते मला विचारा की.

कॉलेजात माझ्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही. जयंती असो, संविधान दिन असो, गॅदरिंगची तालीम असो, आधी मला झटकायचे. मूट कोर्ट म्हणजे पोरांचं खोटं-खोटं कोर्ट. त्यात न्यायाधीश होणाऱ्या पोराला खुर्ची मिळायची आणि बाकीची सगळी जनता माझ्यावर. परीक्षा जवळ आली की पोरी मला गुलमोहराखाली ओढायच्या. कुणाच्या डब्यात धपाटे असायचे, कुणाच्या डब्यात नुसतं लोणचं, आणि पाच मिनिटांत कुठला डबा कुणाचा हे डब्यांनाही सांगता आलं नसतं. दोघातिघांची लग्नं माझ्यावर बसून ठरली. एक मोडलंसुद्धा. मी कुणाचं नाव घेणार नाही, ती दोघंही आता चांगली वकिली करून राहिलीत.

आज मला सांगायचंय ते सुकन्याबद्दल.

सुकन्या अहमदपूरच्या पुढच्या एका गावची. वडिलांचं नाव श्रीमंत, नावाएवढे नसले तरी खाऊनपिऊन सुखी. विहिरीला पाणी, घरची सोयाबीन, घरची तूर. एकुलती एक पोरगी वकील होणार म्हणून त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. आणि पोरगी कशी, तर चार लोकांसमोर उभी राहिली की ओढणीचं टोक पिळून पिळून त्याची वात करायची. पहिल्या वर्षी वर्गात तिनं स्वतःचं नाव सांगितलं तेही शेजारच्या बुद्धप्रियाला ऐकू गेलं नाही. बुद्धप्रिया नांदेडचीच, तोंडाची फटकळ. तिनं त्याच दिवशी सुकन्याला आपल्या ताब्यात घेतलं आणि पुढं पाच वर्षं सोडलं नाही.

त्या दोघींवर नजर पडली पंचशीला मॅडमची. मॅडम कॉलेजातलं विधी सेवा केंद्र चालवायच्या. गावोगाव जायचं, शिबिर भरवायचं, लोकांना त्यांचा कायदा त्यांच्या भाषेत सांगायचा, आणि ज्याला वकील करायची ऐपत नाही त्याला सरकारी मदतीचा वकील कुठं मिळतो ते दाखवायचं, असं ते काम. मॅडम बारीक अंगाच्या, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरची झोप उडावी. त्यांनी सुकन्याला बोलावलं आणि सतरंजीची जबाबदारी दिली. भाषण नाही, काही नाही, फक्त सतरंजी न्यायची, पसरायची, झटकून परत आणायची. सुकन्याला वाटलं सुटले. तिला काय माहीत, मॅडम पोहायला शिकवताना आधी नुसते पाय पाण्यात सोडायला लावतात.

वर्षभर ती मला खांद्यावर घेऊन हिंडली. भोकर झालं, निलंगा झालं, एसटीच्या टपापासून जीपच्या मागच्या सीटपर्यंत सगळं झालं. पसरता पसरता तिला लोक कळायला लागले. आणि एक दिवस मॅडमनी सांगितलं की पुढच्या शिबिरात सुकन्या बोलेल. विषय, मुलींचा वडिलांच्या जमिनीतला हक्क.

बोलण्यापूर्वी मॅडमनी त्यांचा नियम तिला बजावला. हा नियम त्या प्रत्येक बॅचला सांगायच्या.

"कायदा सांगायचा, निर्णय सांगायचा न्हाई. आयुष्य तिचं हाय, तुझं न्हाई."

ते शिबिर भोकरच्या पुढच्या एका गावात होतं. जागा सुकन्यानंच ठरवली, मारुतीचा पार. मोठा, मोकळा, सावलीचा, आणि गावात सगळ्यांना माहीत असलेला. मला पारावर अंथरलं. सुकन्यानं आठ दिवस पाठ केलेलं भाषण ओढणी न पिळता म्हटलं. कलम आलं, दुरुस्तीचं साल आलं, सगळं आलं. फक्त बायका आल्या नाहीत. माझ्यावर बसलेले सगळे पुरुष. त्यांनी तंबाखू मळत मुलींचा हक्क शांतपणे ऐकून घेतला, कार्यक्रम चांगला झाला म्हणाले आणि उठून गेले.

परतताना जीपमध्ये मॅडमनी विचारलं की बायका कुठं होत्या. सुकन्या म्हणाली, दारांच्या आड होत्या, मी पाहिल्या. सुना मारुतीच्या पारासमोरून जाताना डोक्यावर पदर घेतात, चपला हातात घेतात. पारावर बसायचं तर नावच नको.

मॅडमना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या वस्तीत मारुती नव्हता, विहार होतं, आणि तिथं सगळेच बसायचे. पण सुकन्याला ठाऊक होतं, आणि मॅडमना तेच कोडं पडलं. तुझ्या गावात हेच चालतं ना, मग?

"चालतं की," सुकन्या म्हणाली. "पण मी गावची लेक हाय मॅडम. लेकीला कुणी अडवत न्हाई. दहावीचा सगळा अभ्यास मी पारावर बसून केला. माझी आई तिथं कधीच बसली न्हाई, हे मला आत्ता जीपमध्ये बसल्यावर दिसून राहिलंय."

मॅडम तिला रागावल्या नाहीत. बुद्धप्रिया मात्र म्हणाली की मग सासरी गेलेल्या बायकांना कायदा सांगायचा तरी कुठं, त्या तर जिथं जातील तिथं सुनाच. त्यावर सुकन्या सीटवर एकदम सरळ बसली. म्हणाली, नाही. पंचमीला त्या लेकी असतात.

आमच्याकडं पंचमी म्हणजे नागपंचमी हा लेकींचा सण. ज्यांच्या लेकी लांब दिल्या आहेत त्यांच्या घरचा माणूस, शक्यतो भाऊच, सासरी जाऊन त्यांना घेऊन येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याची वाट बघणं म्हणजे काय ते सासुरवाशिणीलाच विचारा. त्या दिवशी घरात काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, त्यामुळं सैपाकाला फारसं लागत नाही आणि बायकांच्या हाताला सवड असते. गावातल्या मोठ्या झाडाला झोका बांधतात. पदर खोचून, मोठ्यानं हसून, लहानपणीच्या नावानं हाका मारून या बायका तीन दिवस असं काही वागतात की सासरचं कुणी बघेल तर ओळखणार नाही.

तर पुढच्या श्रावणात शिबिर सुकन्याच्याच गावात ठरलं, झोक्याच्या लिंबाखाली. श्रीमंतरावांना लई आनंद झाला. पोरीचं भाषण आपल्या गावात म्हणून त्यांनी स्वतः खुरपं घेऊन लिंबाखालचं गवत काढलं, ओल होती म्हणून खाली कडबा पसरला आणि त्याच्यावर मला. इतकी मऊ गादी मला आयुष्यात मिळाली नव्हती.

त्याच पंचमीला त्यांनी त्यांच्या बहिणीला आणलं होतं. चांगुणा तिचं नाव, सुकन्याची आत्या. भोकरमध्ये मुलींच्या वसतिगृहात सैपाक करायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, एका भाड्याच्या खोलीत राहायची. दरवर्षी श्रीमंतराव स्वतः तिला आणायला जायचे आणि दरवर्षी स्वतः सोडायला. भावाबहिणीचं इतकं गूळपीठ की गावात त्याचं कौतुक व्हायचं. या वेळी आणताना त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. आईवडील गेले, जमिनीवर दोघांची नावं लागलीत, तर सण झाला की अहमदपूरला जाऊन हक्कसोडपत्र करून टाकू. हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला सोडला असं लिहून द्यायचं. आमच्या भागात हे साडीचोळी घेऊन, हसतखेळत होतं. श्रीमंतरावांच्या मनात काही पाप नव्हतं. सगळे करतात, वडिलांनीही त्यांच्या बहिणींकडून करून घेतलं होतं. सुकन्याला हे कुणी सांगितलंच नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्यावर जागा नव्हती. बायका एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या, कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या ओंजळीत लाह्या. मेंदीचे हात माझ्यावर टेकले ते डाग अजून आहेत, बघायचे तर कडेला बघा. पुरुष लांब गोठ्याजवळ उभे होते, त्यांत श्रीमंतरावही.

सुकन्यानं पाठ केलेलं भाषण आणलंच नव्हतं. ती खाली, त्यांच्यातच बसली. म्हणाली, तुम्ही सगळ्या या गावच्या लेकी, म्हणून तुम्हाला लेकींचा कायदा सांगते. वडिलांच्या जमिनीत लेकाचा जेवढा वाटा तेवढाच लेकीचा. लग्न झालं म्हणून तो जात नाही. आपण लिहून दिला तरच जातो. असं सोप्पं सोप्पं बोलत गेली. बायका प्रश्न विचारायला लागल्या. लग्नात खर्च केला तो वाट्यातून जातो का. भावजयीचा काही संबंध असतो का. एकीनं विचारलं की सासूच्या माहेरच्या जमिनीत आपलं काही असतं का, तेव्हा सगळ्या हसल्या आणि ती बिचारी लाजली. मॅडम मागं झाडाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मला वाटतं तीच सुकन्याला मिळालेली शाबासकी.

मग चांगुणाबाई बोलली. ती झोक्याच्या दोराजवळ, माझ्या अगदी कडेला बसली होती. शेजारी बसलेल्या बालमैत्रिणीचा खांदा तिनं धरला आणि विचारलं.

"सुकन्या, दादा मला परवा सही करायला नेणार हाय. तुझ्या शिबिरात विचारते, घरात विचारत न्हाई. करू का नको?"

गोठ्याजवळच्या माना इकडं वळल्या. सुकन्यासमोर आत्या होती, आणि पाठीमागं ज्यांनी सकाळी तिच्यासाठी गवत काढलं ते वडील. काहीतरी गुळमुळीत बोलून तिला वेळ मारून नेता आली असती. घरी बघू म्हणायचं, झालं. गावानं समजून घेतलं असतं. ओढणीचं टोक तिच्या हातात आलंसुद्धा. मग तिनं ते सोडून दिलं.

"करायची का न्हाई ते तू ठरव आत्या. मी तुला एवढंच सांगते, त्या जमिनीत तुझा बाबांएवढाच वाटा हाय. सही केलीस की तो संपला, परत मागता येत न्हाई. आन् न्हाई केलीस तर तुला कुणी जबरदस्ती करू शकत न्हाई. बाबासुद्धा न्हाई."

चांगुणाबाईनं मान हलवली. पण तिचा खरा प्रश्न तो नव्हताच. तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला.

"ते कळलं गं. पर सही न्हाई केली, तर पुढच्या पंचमीला मला आणायला कोण येईल?"

मी इतक्या शिबिरांत पसरले आहे, इतके प्रश्न ऐकले आहेत, पण हा प्रश्न ऐकून माझी वीण सैल झाली. माझ्यावर बसलेल्या निम्म्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. कारण तोच प्रश्न त्यांचाही होता. वाटा मागितला की माहेर तुटतं, ही भीती. जमिनीचा तुकडा मिळेल, पण दारात उभा राहून चल म्हणणारा भाऊ मिळणार नाही.

सुकन्यानं एकदा वळून मॅडमकडं बघितलं. म्हणाली, मॅडम, आता मी बोलते ते शिबिरातलं नाही, माझं हाय.

"कायद्यात मुराळी न्हाई आत्या. पर मी येईन. पुढच्या पंचमीला तुला आणायला मी येईन."

चांगुणाबाईनं सही केली नाही.

आता पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर तुम्ही माझ्यावरून उठून जाल. शिबिर संपता संपता पावसाची सर आली, मी ओली झाले, आणि वाळायला म्हणून दोन दिवस सुकन्याच्या घरच्या अंगणात दोरीवर राहिले. त्यामुळं सगळं कानावर आलं. श्रीमंतराव आरडाओरडा करणारातले नव्हते. त्यांनी जेवताना ताटावरून मान वर न करता एवढंच विचारलं, घर जोडायला शिकवलं का फोडायला. आई मधल्या मध्ये पाणी वाढत राहिली. आणि दरवर्षी बहिणीला सोडायला जाणारे श्रीमंतराव त्या वर्षी गेले नाहीत. आत्या, भाची आणि मी, अशा तिघी स्टँडवर गेलो.

दिवाळी आली. भाऊबीजेला चांगुणाबाईकडं कुणी गेलं नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. तिनं चंद्राला ओवाळलं. हे सुकन्याला फोनवर कळलं, आणि तिनं गुलमोहराखाली माझ्यावर बसून बुद्धप्रियाला सांगितलं. सांगताना ती खूप रडली. बुद्धप्रियानं कॅन्टीनमधून दोन चहा आणले, त्यातला एक माझ्यावर सांडला, आणि मग दोघी हसल्या. कॉलेज हे असंच असतं, तिथं माणसाला धड रडूसुद्धा देत नाहीत.

त्या हिवाळ्यात सुकन्या लातूरला गेली, महादेवप्पा वकिलांच्या हाताखाली काम शिकायला. महादेवप्पा म्हणजे लातूरच्या कोर्टातले जुने दिवाणी वकील. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात बडीशेप, आणि पक्षकाराला आधी पाणी विचारल्याशिवाय कागद हातात घ्यायचे नाहीत. मी काही लातूरला गेले नव्हते, पण सुट्टी संपवून आल्यावर सुकन्या दुसरं काही बोलायचीच नाही. तिथं तिनं वाटणीच्या दाव्यांचे गठ्ठे पाहिले. भावाभावांची, बहीणभावांची भांडणं, वीस-वीस वर्षं चाललेली. एक दिवस न राहवून तिनं महादेवप्पांना घरचं सांगितलं. माझ्या वडिलांना नोटीस पाठवावी लागेल का, असंही विचारलं.

त्यांनी म्हणे आधी तिच्या हातावर बडीशेप ठेवली. मग त्यांनी विचारलं की तुला बापाला हरवायचंय का आत्याला उभं करायचंय, हे दोन वेगळे दावे आहेत. आत्याचं नाव जमिनीवर आहे, कुणी काढलेलं नाही, आणि तुझ्या वडिलांनी पुन्हा सहीचं नावही काढलेलं नाही. मग नोटीस कशाची पाठवतेस?

"तारीख पडली की आपले पक्षकार कोर्टाला शिव्या घालतात," ते म्हणाले. "पर माणसाचं मन बदलायलाबी तारीख लागते बाई. तुझ्या बापाला तारीख दे."

सुकन्यानं तारीख दिली. ती दर रविवारी घरी फोन करायची. वडील जेवलीस का विचारायचे आणि फोन आईकडं द्यायचे. पुढं पुढं जेवलीस का नंतर पाऊसपाणी आलं. मग बैलाचं दुखणं आलं. आत्याचं नाव मात्र दोघांपैकी कुणी काढलं नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. सुकन्यानं तीन दिवसांची तोंडी परीक्षा असल्यासारखी धास्ती घेऊन पंचमीची वाट बघितली. कारण वचन तिनं दिलं होतं, पण भाचीनं आणलं म्हणजे भावानं आणलं असं होत नाही, हे तिलाही कळत होतं. आत्या दारात आल्यावर वडिलांनी तोंड फिरवलं तर?

पंचमीच्या आदल्या दिवशी ती मला न्यायला कॉलेजात आली. निकाल लागायचा होता, पण मॅडमनी तिला नेहमीसारखी वस्तूंच्या रजिस्टरात सही न मागता नुसतं कपाटाकडं बोट केलं. म्हणाल्या, घेऊन जा, तुझ्या गावात यंदाही बायका वाट बघत असतील. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. पंचशीला मॅडमना असं करताना मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

नांदेडहून अहमदपूर एका बाजूला आणि भोकर दुसऱ्या. सुकन्या मला खांद्यावर टाकून आधी भोकरच्या गाडीत बसली. आत्यासाठी, ती विधवा असली तरी मुद्दाम, तिनं हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या आणि गाडी खड्ड्यातून गेली की त्या पिशवीला हात लावून बघायची. वाटेत तिनं दोनदा वडिलांचा नंबर काढला आणि लावला नाही.

आत्याच्या खोलीला कुलूप होतं.

सुकन्यानं ते ओढून बघितलं. इतक्यात शेजारच्या साखराबाई बाहेर आल्या. चांगुणाबाईच्या शेजारणी त्या, वयानं मोठ्या, कमरेत वाकलेल्या. त्यांनी सुकन्याला खालून वर बघितलं, मग मला बघितलं, आणि विचारलं, तूच का गं ती सतरंजीवाली वकिलीण? सुकन्यानं मान हलवली. आत्या कुठं गेली म्हणून विचारलं.

"चांगुणा सकाळच्याच गाडीनं गेली. तिचा भाऊ आला होता न्यायला. लई वेळ दारातच उभा होता, आत येईना. मग ह्या दोघांनी रडून घेतलं आन् गेले." साखराबाई थांबल्या, निरोप नीट आठवून बोलायचा म्हणून त्यांनी डोळे मिटले. "तुझ्यासाठी सांगून गेलाय. म्हनला, माझी पोरगी येईल, तिला म्हना, सहीचं राहू दे. जमिनीवर बहिणीचं नाव हाय ते तसंच ऱ्हाईल. आन् बहिणीला आणायचं काम भावाचं हाय, वकिलाचं न्हाई."

सुकन्यानं मला खांद्यावरून उतरवलं, आत्याच्या बंद दारासमोर अंथरलं आणि मटकन बसली. हसतही होती, रडतही होती. साखराबाई आधी घाबरल्या, मग पाण्याचा तांब्या घेऊन त्याही तिच्या शेजारी येऊन टेकल्या.

सुकन्या आता लातूरला महादेवप्पांच्या हाताखाली वकिली करते. मी कॉलेजातच आहे. एक कड उसवली होती, ती बुद्धप्रियानं जाड दोऱ्यानं शिवली, वाकडीतिकडी का होईना. नवी पोरं म्हणतात शिबिराला आता प्लास्टिकच्या खुर्च्या नेऊ, बरं दिसतं. न्या बापांनो. मॅडमच्या गुडघ्यांना बरं पडेल, माझी ना नाही. पण मलाही बरोबर घ्या. खुर्चीवर ज्याचं त्याला एकट्यानं बसावं लागतं. माझ्यावर शेजारणीला टेकून बसता येतं, आणि काही प्रश्न असे असतात की ते विचारताना बाईला शेजारणीचा खांदा धरावा लागतो.

चला, उठा आता. दोन्ही टोकं धरा आणि मला जरा झटका. उद्या निलंग्याला शिबिर आहे.